आधी निर्मितीची रीत, मग आकार: कॉन्स्टान्टिन ग्रचिच यांच्या कामातून फर्निचर डिझाइन कसे शिकावे

फर्निचर डिझाइन शिकणारे बहुतेक विद्यार्थी रेखाटनापासून सुरुवात करतात. कागदावर एखादी डौलदार रेषा उमटली की तिला खुर्चीचे रूप द्यायचे, आणि ती खुर्ची कशाची, कोणत्या यंत्रावर आणि किती खर्चात तयार होईल हे प्रश्न शेवटी सुतारावर किंवा कारखान्यावर सोडून द्यायचे, असा हा क्रम असतो. जर्मन डिझायनर कॉन्स्टान्टिन ग्रचिच यांचे काम याच्या उलट दिशेने चालते: वस्तू कशी बनणार आहे हे आधी समजून घ्यायचे आणि त्या रीतीतूनच आकार शोधायचा. त्यांच्या खुर्च्या सर्वांनाच आवडतील असे नाही, आणि काही खुर्च्यांत दीर्घकाळ बसण्याची मलाही इच्छा होणार नाही. परंतु त्यांची कामाची पद्धत इतकी स्पष्ट आहे की ती पाहून शिकता येते आणि पुण्या-नाशिकच्या एखाद्या साध्या शेडमध्येही वापरता येते. पुढील मार्गदर्शन त्या पद्धतीविषयी आहे. चरित्रातील तपशील जेथे कामाची रीत उलगडते तेवढेच घेतले आहेत.

हाताने काम शिकणे

ग्रचिच यांचा जन्म १९६५ साली म्युनिक येथे झाला. डिझाइनच्या शिक्षणाकडे वळण्यापूर्वी त्यांनी इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्यात, जॉन मेकपीस यांनी पार्नम येथे चालवलेल्या शाळेत १९८५ ते १९८७ या काळात लाकडी फर्निचर बनवण्याचे प्रशिक्षण घेतले. त्यानंतर ते लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये डिझाइन शिकले. हा क्रम महत्त्वाचा आहे. पुढे त्यांनी प्रामुख्याने ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक या माध्यमांत नाव मिळवले, तरी वस्तू जोडली कशी जाते, भार कोठून कोठे उतरतो आणि सांधा कोठे हार मानतो हे ज्ञान लाकडावर हात ठेवूनच पक्के झालेले असते.

ज्यांना हे शिक्षण औपचारिकपणे मिळालेले नाही त्यांनी निदान एक हंगाम एखाद्या चांगल्या सुताराच्या कार्यशाळेत काढावा, आणि केवळ पाहत न राहता करवत, रंधा, पटाशी आणि गुण्या स्वतः हाताळावा. पहिले काम म्हणून खुर्ची घेऊ नये. साधा चार पायांचा स्टूल घ्यावा आणि तो एकही खिळा न वापरता, सांध्यांवर उभा करावा. याच काळात लाकडाचे स्वभाव शिकून घ्यावेत. सागवानाची रुंद फळी पावसाळ्यात तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ बदलत नाही. म्हणून टेबलाचा भरीव लाकडाचा वरचा भाग खालच्या चौकटीला सरसकट चिकटवून टाकला तर एक-दोन वर्षांत तो चिरतो किंवा वाकतो. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत असते, पण कोकणातल्या जुलै महिन्यात कार्यशाळेत उभे राहिलेला माणूस ती विसरत नाही.

दुसरा अभ्यास जुन्या बाजारातील मोडक्या खुर्च्यांचा करावा. दोन-तीन खुर्च्या स्वस्तात विकत घेऊन त्या पूर्ण सुट्या कराव्यात आणि कोणता सांधा निकामी झाला याची नोंद ठेवावी. बहुतेक वेळा मागचा पाय आणि बैठकीची बाजूची पट्टी जेथे मिळतात तेथेच खुर्ची ढिली झालेली आढळते, कारण माणूस मागे रेलतो तेव्हा सर्वाधिक ताण त्याच ठिकाणी येतो. हे एकदा समजले की पुढे कोणतीही खुर्ची पाहताना नजर आपोआप प्रथम त्या जागी जाते.

उमेदवारी कोणाकडे आणि कशासाठी

रॉयल कॉलेजनंतर ग्रचिच यांनी काही काळ जॅस्पर मॉरिसन यांच्याकडे काम केले आणि १९९१ मध्ये म्युनिकला स्वतःचे कार्यालय सुरू केले. मॉरिसन हे साधेपणासाठी ओळखले जाणारे डिझायनर आहेत; वस्तूने लक्ष वेधून घेऊ नये, ती घरात सहज मिसळून जावी, असा त्यांचा आग्रह असतो. ग्रचिच यांनी लंडनच्या एससीपी या कंपनीसाठी केलेल्या ‘टॉम टॉम’ आणि ‘टॅम टॅम’ या सुरुवातीच्या छोट्या टेबलांत या साधेपणाची छाप सहज दिसते, तर पुढच्या काळातील कोनदार, काहीशा उग्र खुर्च्यांत ती जवळपास लोप पावते. उमेदवारीच्या काळात गुरूची शैली अंगाला लागते आणि नंतर ती गळून पडते, यात लाजण्यासारखे काहीही नाही. उमेदवारीत खरोखर उचलायच्या असतात त्या दुसऱ्याच गोष्टी: उत्पादकाशी पत्रव्यवहार कसा होतो, नमुना परत आल्यावर त्यातील दोष कसे लिहून कळवतात, कोणता बदल स्वीकारायचा आणि कोणत्या बदलाला ठाम नकार द्यायचा. त्यामुळे नामांकित परंतु केवळ चित्रे तयार करणाऱ्या कार्यालयापेक्षा, ज्यांच्या वस्तू प्रत्यक्ष तयार होऊन विकल्या जातात अशा लहान कार्यालयात शिकणे अधिक उपयोगाचे ठरते.

पहिले उत्पादक लहान असावेत

सुरुवातीच्या वर्षांत ग्रचिच यांनी बव्हेरियातील निल्स होल्गर मोरमान यांच्या लहान कंपनीसाठी काम केले. तेथे महागडे साचे शक्य नव्हते; फळ्या, दांडे आणि साधी यंत्रे एवढ्यावरच भागवायचे होते. या मर्यादेतून निघालेले ‘एस’ हे १९९९ चे शेल्फ आजही पाहण्यासारखे आहे. त्याचे दांडे किंचित कललेले असतात, आणि पाहताक्षणी ते पडेल की काय असे वाटते, पण ते आपल्या जागी घट्ट उभे असते.

आपल्याकडे या टप्प्याला अनुरूप ठिकाणे भरपूर आहेत. बहुतेक एमआयडीसींत पत्रा वाकवणारे, पाइप वाकवणारे, लेझर कटिंग करणारे आणि पावडर कोटिंग करणारे लहान उद्योजक असतात. यांपैकी एकाकडे जाऊन, डिझाइन घेऊन न जाता केवळ प्रश्न घेऊन जाऊन, पुढील माहिती लिहून घ्यावी: यंत्रावर जास्तीत जास्त किती मोठा तुकडा बसतो, किती जाडीपर्यंतचा पत्रा चालतो, पाइपला लहानात लहान किती त्रिज्येचे वळण देता येते, एका वळणाला किती वेळ लागतो, किमान किती नग घ्यावे लागतील, आणि त्यांच्याकडे सर्वांत अधिक वाया काय जाते. हा शेवटचा प्रश्न विचारण्यास कोणी चुकू नये. कारखान्यात उरणाऱ्या तुकड्यांचे ठरावीक माप असते आणि त्या मापातूनच एखादे स्टूल किंवा कोट-स्टँड निघू शकते. ही माहिती हाती आल्यावरच रेखाटनाला बसावे.

‘चेअर वन’: एका खुर्चीचा सविस्तर अभ्यास

ग्रचिच यांची रीत सर्वांत स्वच्छपणे दिसते ती माजिस या इटालियन कंपनीने २००४ मध्ये बाजारात आणलेल्या ‘चेअर वन’मध्ये. माजिसचे संस्थापक एउजेनिओ पेराझ्झा यांना डाय-कास्टिंग पद्धतीने बनणारी ॲल्युमिनियमची खुर्ची हवी होती. या पद्धतीत वितळलेले ॲल्युमिनियम मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरले जाते. वाहनांच्या इंजिनांचे अनेक भाग असेच तयार होतात, आणि चाकण-भोसरीच्या परिसरात हे काम करणारे कारखाने आहेत. साचा अतिशय महाग असतो, मात्र तो एकदा तयार झाला की गुंतागुंतीचा आकारही एका फटक्यात निघतो.

आता विचार करावा तो असा. बैठक आणि पाठ यांचे सलग कवच ॲल्युमिनियममध्ये ओतले तर ते जड होईल, धातू अधिक लागेल, आणि मोठा सपाट पृष्ठभाग थंड होताना वाकण्याची भीती राहील. याउलट धातू अरुंद पट्ट्यांमधून वाहू शकतो आणि पट्ट्यांचे जाळे, त्यांचे कोन योग्य असतील तर, सलग पत्र्याइतकेच किंवा त्याहून अधिक ताठ राहते. ग्रचिच यांनी म्हणून पृष्ठभाग काढून टाकला आणि केवळ सांगाडा ठेवला. या रचनेचा विचार ते फुटबॉलच्या उदाहरणाने मांडतात: अनेक सपाट तुकडे एकमेकांशी कोन करून जोडले की त्रिमितीय आकार तयार होतो. खुर्चीचा तो विचित्र, कोनदार चेहरा येथून आला आहे. तो कोणी कागदावर ‘आधुनिक दिसावे’ म्हणून काढलेला नाही.

या खुर्चीवर टीकाही झाली आहे. ती कठीण आहे, हिवाळ्यात गार लागते, आणि पाहताना बसण्याचे आमंत्रण देत नाही, असे म्हणणारे चुकीचे नाहीत. पण ती उघड्या जागेत, उपाहारगृहाच्या अंगणात किंवा प्रतीक्षेच्या ठिकाणी ठेवली की तिचे गुण समजतात: पाणी साचत नाही, अर्धा तास बसण्यास ती पुरेशी आरामदायक आहे, आणि काँक्रीटच्या शंकूवर बसवलेली तिची आवृत्ती कोणी उचलून नेऊ शकत नाही. खुर्ची चांगली की वाईट हा प्रश्न ती कोठे आणि किती वेळ वापरायची हे सांगितल्याशिवाय विचारू नये.

या खुर्चीच्या विकासात पुठ्ठ्याच्या मॉडेलांचा मोठा वाटा होता, आणि ग्रचिच यांच्या कार्यालयाची ती एकूणच सवय आहे. संगणकावरील आकृती आणि हाताने कापलेले मॉडेल यांची तेथे सतत ये-जा चालते. ही पायरी प्रत्येकाला घरी करता येते, आणि माझ्या मते या संपूर्ण मार्गदर्शनातील हीच पायरी कोणत्याही परिस्थितीत टाळू नये. त्यासाठी फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पाच प्लायचा पुठ्ठा, धारदार कटर, पोलादी पट्टी, गरम गोंदाची बंदूक आणि कागदी चिकटपट्टी एवढे साहित्य पुरते. मॉडेल पूर्ण मापाचे करावे. लहान मॉडेल डोळ्यांना फसवते, कारण एक पंचमांश मापात सडपातळ दिसणारा पाय प्रत्यक्षात बोजड निघतो किंवा उलट घडते. बैठकीची उंची प्रथम ४२ ते ४५ सेंटिमीटर, खोली ४० सेंटिमीटरच्या आसपास आणि पाठीचा बैठकीशी कोन ९५ ते १०५ अंशांच्या दरम्यान धरावा. ही मापे सुरुवातीची आहेत, अंतिम नव्हेत. पुठ्ठ्याच्या लाटा भार पेलतील अशा उभ्या दिशेने ठेवाव्यात आणि बैठकीखाली आडव्या-उभ्या फासळ्या बसवाव्यात, म्हणजे मॉडेलवर खरोखर बसता येते.

मग त्यावर वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना बसवावे: घरातील आजींना, उंच मित्राला, शाळकरी मुलाला. त्यांना ‘कसे वाटते’ असे विचारू नये, कारण लोक भिडेखातर चांगलेच सांगतात. त्यांना काही वाचायला द्यावे, वीस मिनिटे बसू द्यावे, आणि ते कोणत्या मिनिटाला कूस बदलतात, पाय कोठे घेतात, उठताना हात कोठे टेकवतात हे पाहावे. जेथे दुखते तेथे कापावे, जेथे आधार हवा तेथे पुठ्ठा चिकटवावा. प्रत्येक बदलानंतर छायाचित्र घेऊन त्यावर तारीख आणि बदललेले माप लिहावे. मॉडेल कुरूप होत जाईल. ते तसे होऊ द्यावे. मापे स्थिर झाल्यावरच ती संगणकावर चढवावीत.

एका वाक्यातला प्रश्न

ग्रचिच यांच्या दोन प्लास्टिक खुर्च्या शेजारी ठेवल्या की त्यांच्या विचाराचा आणखी एक धागा हाती लागतो. ‘मायटो’ ही खुर्ची इटलीच्या प्लांक कंपनीने २००८ मध्ये बाजारात आणली. तिच्यामागे बीएएसएफ या रसायन कंपनीचे एक प्लास्टिक होते, जे वितळल्यावर अतिशय सहज वाहते आणि थंड झाल्यावर मजबूत होते. सहज वाहणाऱ्या प्लास्टिकमुळे एकाच साच्यात जाड भागातून पातळ भागात जाणे शक्य होते. ग्रचिच यांनी हा गुण मागचे पाय नसलेल्या, केवळ पुढच्या बाजूने आधारलेल्या आणि बसणाऱ्याच्या भाराने किंचित लवचिकपणे झुकणाऱ्या खुर्चीसाठी वापरला. अशा खुर्च्यांची परंपरा १९२६ मध्ये डच वास्तुविशारद मार्ट स्टाम यांनी पाइपांपासून केलेल्या प्रयोगापर्यंत मागे जाते, आणि प्लास्टिकमध्ये डॅनिश डिझायनर व्हर्नर पँटन यांची खुर्ची १९६७ मध्येच उत्पादनात आली होती. ‘मायटो’ने त्या जुन्या प्रश्नाला नव्या पदार्थाने उत्तर दिले: चौकट जाड, बैठक जाळीदार, सांधा एकही नाही. तिला २०११ मध्ये इटलीचा ‘कोम्पासो दोरो’ हा मानाचा पुरस्कार मिळाला.

२०२० मधील ‘बेल’ ही माजिसची खुर्चीसुद्धा साच्यात प्लास्टिक भरूनच बनते, पण तिचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. तेथे पदार्थ आहे पुनर्वापर केलेले पॉलिप्रॉपिलिन, जे माजिसच्या स्वतःच्या उत्पादनातील आणि परिसरातील वाहन उद्योगातील टाकाऊ मालापासून मिळते; आणि आग्रह आहे तो कमीत कमी पदार्थ वापरण्याचा. खुर्चीचे वजन सुमारे २.७ किलो आहे. शिंपल्यासारखे वळलेले कवच स्वतःच्या वक्रतेमुळे ताठ राहते, म्हणून ते पातळ ठेवता आले. ‘चेअर वन’च्या कोनांची येथे खूणही नाही, आणि तरी विचार करण्याची रीत तीच आहे. आकारांची पुनरावृत्ती म्हणजे शैली, असे मानणाऱ्यांनी या दोन खुर्च्यांचा अभ्यास अवश्य करावा.

यावरून एक शिस्त उचलावी: प्रत्येक कामाच्या आरंभी त्याचा प्रश्न एका वाक्यात लिहून भिंतीवर लावावा. ‘सुंदर व आरामदायक खुर्ची’ हा प्रश्न नव्हे. ‘एकाच मापाच्या पाइपपासून, चारपेक्षा अधिक वळणे न देता, एकावर एक रचता येणारी सभागृहाची खुर्ची कशी होईल’ हा प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर चूक की बरोबर हे तपासता येते. त्यासोबत वजनाची आणि वेळेची नोंद ठेवावी. आपण डिझाइन केलेल्या वस्तूचे वजन किती, त्यात किती माल लागला, त्यातील किती वाया गेला आणि एक नग तयार होण्यास किती मिनिटे लागली, हे आकडे ज्याला तोंडपाठ आहेत त्याच्याशी कारखानदार वेगळ्या सुरात बोलतो.

वस्तू वाचण्याचा सराव

२००९ मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीत ग्रचिच यांनी ‘डिझाइन रिअल’ नावाचे प्रदर्शन रचले होते, आणि त्यात केवळ कारखान्यात प्रत्यक्ष उत्पादन होणाऱ्या वस्तू मांडल्या होत्या. तशीच नजर आपणही कमवावी. मंगल कार्यालयातील साधी प्लास्टिकची खुर्ची उलटी करून पाहावी: बैठकीच्या खालच्या अंगाला जेथून प्लास्टिक साच्यात शिरले तो ठिपका सापडेल, कडेने साच्याचे दोन भाग मिळाल्याची बारीक रेषा दिसेल, आणि पायांचा छेद नळीसारखा बंद नसून उघडा का आहे हेही समजेल, कारण बंद नळी त्या साच्यातून बाहेर काढता आली नसती. अशा वस्तूंची वही ठेवावी आणि प्रत्येक वस्तूपुढे ती कशी बनली याचा आपला अंदाज लिहावा. माणसांच्या सवयीही याच वहीत याव्यात. १९९९ च्या ‘मेडे’ या फ्लॉस कंपनीच्या दिव्याला हूक आणि मूठ एकत्र आहेत, कारण असा दिवा माणूस कधी टांगतो, कधी जमिनीवर ठेवतो, तर कधी हातात धरून पलंगाखाली डोकावतो.

व्यवसाय कसा उभा राहतो

या क्षेत्रात पैसा उशिरा येतो. युरोपात रूढ असलेल्या पद्धतीत डिझायनरला प्रत्येक विकल्या गेलेल्या नगामागे कारखान्याच्या किमतीच्या काही टक्के मानधन मिळते, म्हणजे वस्तू बाजारात येऊन खपेपर्यंत हाती फारसे काही येत नाही, आणि कल्पनेपासून बाजारापर्यंत काही वर्षे सहज जातात. म्हणून उत्पन्नाचे दुसरे साधन आरंभापासून ठेवावे: अध्यापन, प्रदर्शनांची मांडणी, एखाद्या कार्यालयाचे किंवा उपाहारगृहाचे मागणीनुसार काम. ग्रचिच यांनीही प्रदर्शनांची कामे केली, पॅरिसच्या गॅलरी क्रेओसाठी मर्यादित संख्येच्या वस्तू केल्या, आणि मुख्य म्हणजे मोजक्या उत्पादकांशी दीर्घकाळ संबंध टिकवले. एकाच माजिसबरोबर ‘चेअर वन’ ते ‘बेल’ हा प्रवास सोळा वर्षांचा आहे. दर वर्षी नवा उत्पादक शोधण्यापेक्षा, ज्याच्या यंत्रांची खडान्खडा माहिती आहे अशा एकाबरोबर दुसरे आणि तिसरे काम करणे फायद्याचे असते. लाकडासाठी मात्र ते मात्तियाझ्झी या लाकूडकामात मुरलेल्या कंपनीकडे गेले आणि २०१२ मध्ये ‘मेडिची’ ही फळ्यांची ठेंगणी, ऐसपैस खुर्ची केली. प्रत्येक पदार्थासाठी त्यातला जाणकार निवडावा, हा त्यातील धडा.

उत्पादकाला भेटताना डझनभर कल्पनांचे रंगीत पुस्तक नेऊ नये. त्याच्या यंत्रांवर बसणारी एकच वस्तू न्यावी, तिचे पूर्ण मापाचे मॉडेल न्यावे, आणि फसलेल्या दोन-तीन टप्प्यांची छायाचित्रेही दाखवावीत, म्हणजे विचार कसा पुढे सरकला हे त्याला दिसते. परदेशात काम दाखवण्याची इच्छा असल्यास मिलान येथील फर्निचर प्रदर्शनाचा ‘सालोने सॅटेलाइट’ हा विभाग पस्तीस वर्षांखालील डिझायनरांसाठी १९९८ पासून चालतो आणि त्यासाठी निवड होणे आवश्यक असते.

वस्तू कोठेही मांडण्यापूर्वी, समाजमाध्यमांवर तिचे छायाचित्र टाकण्यापूर्वीसुद्धा, तिच्या आकाराची नोंदणी करण्याचा निर्णय घ्यावा. भारतात २००० च्या डिझाइन कायद्यानुसार नोंदणीकृत आकाराला दहा वर्षांचे संरक्षण मिळते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते. परंतु आकार आधीच जाहीर झालेला असेल तर त्याचे नावीन्य संपते आणि नोंदणी टिकत नाही. उत्पादकाशी होणाऱ्या करारात मानधनाची टक्केवारी, हिशेब पाहण्याचा हक्क आणि ठरलेल्या मुदतीत उत्पादन सुरू न झाल्यास डिझाइनचे हक्क परत मिळण्याची अट, ही तीन कलमे लेखी असावीत. तिसऱ्या कलमाबद्दल संकोच करणारे बरेच तरुण डिझायनर असतात, आणि त्यांच्या चांगल्या वस्तू कोणाच्या तरी कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतात.